रिह्याला परत गेलेलं पोतं
नव्या आंबेमोहोर तांदळाचा वास आला की मला रिहे गावाचा रस्ता आठवतो. बांधकाम खात्यात मी नवाच इंजिनिअर होतो. टेंडर भरायची मुदत संपायच्या आधी एक म्हातारे ठेकेदार घरच्या तांदळाचं पोतं घेऊन आले. नव्या तांदळाला नाही कसं म्हणायचं, म्हणून मी ते ठेवून घेतलं. आमच्या वरिष्ठ मॅडमना ते कळलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “घेतलंत तुम्ही, आता परतही तुम्हीच नेऊन द्या.” मोटारसायकलला पोतं बांधून ठेकेदारांच्या रिह्यातल्या खळ्यावर पोचलो, तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्यांनी पोतं उतरवून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे औंदा काम दरावरच मिळणार म्हना. मग साहेब, मला दर उतरवून भराया पायजे.” आता मॅडमच्या खुर्चीत मी बसतो. काल नव्या इंजिनिअरच्या टेबलाजवळ तोच वास आला, आणि मी त्याला माझ्या गाडीची किल्ली दिली.