तो शब्द खोडला नाही

दर रविवारी आम्ही काही जण एका मित्राच्या गच्चीवर जमायचो. सगळे पुरुष, आणि सगळ्यांना पुरुषच आवडणारे. चहा, गप्पा, एवढंच. मग आमच्यातल्या एकाला बागेजवळ टोळक्यानं मारलं, घरी सांगू म्हणून धमकावलं. तक्रार द्यायला त्याच्यासोबत पोलीस ठाण्यात गेलो, तर समोरच्या हवालदारानं विचारलं, "तुम्ही याचे कोण?" मित्र म्हटल्यावर तो हसला.

बाहेर आल्यावर आमच्यातले सगळ्यात वयस्कर, बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "आता संस्था नोंदवायची. पुन्हा कोणी विचारलं, तर सांगता आलं पाहिजे."

नोंदणी कचेरीतल्या बाबूनं संस्थेचे उद्देश वाचले आणि 'समलिंगी' या शब्दावर बोट ठेवलं. "हे काहून लिहिता? 'गरजू तरुण' करा न भाऊ. काम लवकर होईल."

"आम्ही गरजू नाही," काका म्हणाले. "आणि मी तर तरुणही नाही. राहू द्या तो शब्द."

मग संस्थेला पत्ता हवा होता. सदर भागात भाड्याच्या खोल्या पाहिल्या. काम काय ते ऐकून मालक नाही म्हणायचे. शेवटी मी मनीषनगरचं आमचं घर सुचवलं. घर आईच्या नावावर, म्हणून तिची संमती लागणार होती. आणि तिला माझ्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

ती मेथी निवडत बसली होती. मी कागद पुढे केला.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

वाचला. तो शब्द गाळला नाही. मित्राला मारल्याचंही सांगितलं.

तिनं हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, "तूबी तसाच?"

"हो."

"तुले तं नाही नं मारलं कोणी?"

"अजून नाही."

तिनं हात पुसले आणि सही केली. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सही मागे घे म्हणून ते तिच्या मागे लागले. तिनं घेतली नाही.

नोंदणी झाली तशी मी फाटकाला पाटी ठोकली. शेजारच्या बाईंनी आईला गाठलं. "हे काय वं लावलं?"

"वाचता येते नं तुले? मंग मले काहून विचारून राहिली?"

पहिल्या बैठकीला वर्ध्याहून, उमरेडहून अनोळखी माणसं आली. बाबा आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आम्हीही आमचा वाढवला.