खोबरेलातली गोळी

दुकानात आला की तो आधी खोकल्याच्या गोळ्या मागायचा. खोकला कधीच नसायचा. गर्दी पांगेपर्यंत ती पट्टी हातात फिरवत उभा राहायचा, मग काउंटरवर ओणवा होऊन हळूच म्हणायचा, "म्याडम, ते माझंवालं."

मी बोईसरला मेडिकल चालवते, मला अशी गिऱ्हाइकं नवी नाहीत. तुमच्याही ओळखीत एखादा असेलच, केस गळायला लागले की चोरी केल्यासारखा वावरणारा. हा तर तिशीचासुद्धा नव्हता. वाणगावकडचा, तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. शेअर रिक्षात कुणा पोराने "अंकल, जरा खिसको" म्हटलं, ते याला असं झोंबलं की गडी दुसऱ्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे. त्यांनी रोज एक गोळी लिहून दिली.

मी सगळ्यांना बजावते तसं यालाही बजावलं. गोळी अख्खी गिळायची, फोडायची नाही. घरात कुणी पोटुशी असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही.

"आमच्याकडं कोण नाय पोटुशी," म्हणून तो लाजला. दातिवऱ्याची मुलगी करून नुकताच बोईसरला खोली घेऊन राहिला होता.

त्याच्या तोंडी सतत कारखाना. भाजी चांगली झाली तरी "बॅच बसली", पगार वेळेवर झाला तरी "बॅच बसली". सुरुवातीला केस जास्तच गळायला लागले, तेव्हा माझ्यावरच उखडला, "म्याडम, माल उलटा जातोय!" सुरुवातीला काहींचे गळतात, धीर धरा, असं सांगून मी त्याला कसाबसा थोपवला. पुढे खरंच बारीक लव दिसू लागली. मग काय विचारता! भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर डोकं पुढे करून "बघा, बघा" चालू.

एक दिवस तो लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आला. बायकोला तिसरा महिना लागला होता. आनंदात माणूस जास्तच बोलतो.

"सगळंच बसलं बघा, म्याडम. तेलाची बॅचपण बसली."

"कसलं तेल?"

"ते माझंवालं हो. पोटात घेतलं तर माल अंगभर पसरणार, डोक्याला किती मिळणार? म्हणून आमी गोळ्या कुटून गरम खोबरेलात घोटतो. थेट जागेवर! बायको चोळून देते. तिच्या हाताला गुण हाय."

मी ओरडलेच, "अरे मेल्या, सांगितलं होतं ना तुला!"

"पण ती गोळीला कुठं हात लावते? ती तेल लावते," तो म्हणाला. आणि बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला.

शटर ओढून, त्याच्या बायकोला खोलीवरून घेऊन मी दोघांना पालघरला बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं: तेल आजच फेकून द्या. हातातून अंगात फार थोडं जातं, बहुधा काही होणार नाही. मुलगी असेल तर काळजीच नाही. मुलगा असेल तर त्याच्या लघवीचं छिद्र भलत्या जागी राहू शकतं, मग धार सरळ येत नाही; पण अगदी थोडी शक्यता आहे. आणि मुलगा की मुलगी, हे मला विचारायचं नाही, कायदा आहे.

बायको नुसती आपल्या तळहातांकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर हाच रडायला लागला, तेव्हा तिनेच त्याला दटावलं, "अवो, गप बसा आता. लोक बघतात."

तिथून पुढे त्याने एकही देव सोडला नाही. दोन्हीकडचे सगळे मुलगा मुलगा करत होते आणि हा एकटा मुलीसाठी नवस बोलत फिरत होता. "याला झालंय तरी काय?" असं त्याची आई मलाच विचारायला आली. मी काय सांगणार, कपाळ! गोळी नीट गिळत असाल तर चालू ठेवा, असं त्वचेच्या डॉक्टरांनी सांगूनही त्याने ती बंद केली. आलेले केस गेले, जाताना आणखी चार घेऊन गेले. त्याचं त्याला काहीच नव्हतं. आठवड्याला दुकानात यायचा, गर्दीची पर्वा न करता विचारायचा, "म्याडम, मुलगीच होईल ना?"

"मी काय देवी आहे?" मी खेकसायची. आणि घरी गेल्यावर देवापुढे मीही तेच मागायची.

शेवटी त्याचा फोन आला. "मुलगा झाला," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला. मी तशीच रिक्षात बसले. रस्ताभर माझा जीव टांगणीला.

दवाखान्यात तो बाळाला घेऊन दारातच उभा होता. "म्याडम, डॉक्टरीण बोलली, सगळं जागच्या जागी हाय. तुमीपण बघा," म्हणत त्याने दुपटं सोडलंसुद्धा.

"झाका ना त्याला, अवो!" खाटेवरून बायको ओरडली.

तेवढ्यात बाळाने धार सोडली. सरळ, जोरात, थेट बापाच्या कपाळावर. आणि त्याचं कपाळ आता पार टाळूपर्यंत गेलेलं.

तो हसत होता, रडत होता, आणि पुसायचं नाव घेत नव्हता.