ढोंग नव्हतं

दुर्गावहिनी आपल्या उजव्या पायाला 'जाऊबाई' म्हणायची. पाय जड होऊन जमिनीवर घासायला लागला की कमरेवर हात ठेवून म्हणे, "आज जाऊबाई रुसल्यात बरं का वन्सं. भाकरी तुम्हीच थापा." मी तिची धाकटी नणंद. खरी जाऊ तिला नव्हतीच. आमचा दादा एकुलता एक मुलगा.

येवल्याहून ती आमच्या नाशिकच्या घरी आली तेव्हा विशीही ओलांडली नव्हती. जिभेला फटकळ, कामाला वाघ. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचा एक डोळा अंधुक झाला आणि महिन्याभरात आपोआप निवळला. मग बोटं बधिर झाली. तव्याचा चटका बसला तरी कळेना. तेही गेलं. मग पाय.

आमच्या आईला डॉक्टरांचं वावडं नव्हतं, पण चांगला दिवस पाहिल्याशिवाय ती कुणाला उंबरा ओलांडू द्यायची नाही. अमावस्या टळू दे, शनिवार जाऊ दे, असं करत तांगा दारात येईपर्यंत वहिनी ठणठणीत. डॉक्टर म्हणायचे, "काही नाही हो. मूल झालं की जाईल सगळं." घरी आल्यावर आई भांडी आपटायची. "कामाच्या वेळी लंगडी आणि डॉक्टरपुढे घोडी! ढोंगी कुठली!" आईचा तो शब्द आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

एकदा चुलीपुढे वहिनी मला म्हणाली, "वन्सं, मरणाचं भय नाही वाटत. पण ढोंगी म्हणून नाही मरायचं मला. कुणीतरी म्हणावं, बाई, तुला खरंच काहीतरी झालंय."

पुढच्या खेपेला दोन्ही पाय गेले, ते नेमके अमावस्येला. देवळालीला हवापालटासाठी मुंबईचे एक मोठे डॉक्टर येऊन राहिले होते. आई देवळात गेली होती. मी तांगा बोलावला आणि दादाला म्हटलं, "उचल तिला, नाहीतर मी उचलते." त्याने उचललं.

डॉक्टरांनी तिच्या तळव्यावरून किल्ली ओढली. पायाचा अंगठा वर उठला. पुन्हा ओढली, पुन्हा तसंच. ते दादाला म्हणाले, "निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. असं सोंग कुणाला आणता येत नाही. मेंदूचा आणि कण्यातल्या नसांचा रोग आहे. येईल, जाईल, पण दर वेळी थोडं थोडं घेऊन जाईल. औषध नाही." वहिनी हुंदके देऊन रडली. परतीच्या वाटेवर मात्र हसतच होती. "ऐकलंत ना? सोंग नाही म्हणाले!" तिने दादाला पेढे घ्यायला लावले.

आईने पेढ्याला हात लावला नाही. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ढोंगी सून आमच्या घरात चालत होती, दटावून राबवता येत होती. आजारी सून चालेना. आठवड्याभरात येवल्याला निरोप गेला, आणि दादासाठी दुसऱ्या मुलीची चौकशी सुरू झाली. दादाने हूं की चूं केलं नाही. शरम वाटली मला त्याची.

पुढे काही वर्षांनी वहिनी माहेरीच वारली. पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही तो तिचा भाऊ तिला न्यायला आला तो दिवस. त्याने तिला उचलून तांग्यात बसवलं. मी हमसून हमसून रडत होते. वहिनी म्हणाली, "गप्प बसा वन्सं. तुम्ही नेलंत म्हणून खरं काय ते कळलं." मग दारात उभ्या असलेल्या आईला तिने हात जोडले.

"येते सासूबाई. आता तरी ढोंगी म्हणू नका."

"नाही म्हणत," आई म्हणाली. "म्हणून तर पाठवतेय."