मेश्रामांच्या दुकानातला कॅमेरा

"काका, बाबा गेले..." मेश्रामांच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला कंपासपेटी दाखवत होतो. त्यापुढचं काही आठवत नाही.

नारायण पेठेत माझं स्टेशनरीचं दुकान आणि दोन दुकानं सोडून मेश्रामांचं दुरुस्तीचं. भंडाऱ्याहून आले तेव्हा ते टीव्ही दुरुस्त करत. मग घरोघर कॉम्प्युटर आले, मग दुकानोदुकानी कॅमेरे, आणि हा माणूस प्रत्येक वेळी नव्याने शिकत गेला. शेवटी त्यांनी पाटी लावली : 'जुन्या रेकॉर्डरमधलं चित्रण काढून मिळेल. चमत्कार मिळणार नाही.' पाटी लिहायची कला त्यांनी आम्हा पेठेतल्यांपेक्षा बरी उचलली होती.

चमत्काराबद्दल मात्र ते खोटं बोलत होते.

माझे वडील जन्मभर आमच्या गल्ल्यावर बसले, पण त्यांचं हलतं चित्र आमच्याकडे एकही नव्हतं. होतं ते फक्त दुकानातले कॅमेरे बदलताना काढून खणात टाकलेल्या जुन्या रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर. वडील गेल्यावर मी ती मोठ्या हुशारीने घरच्या कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटरला तिच्यातलं काही वाचता येईना. त्याने विचारलं, फॉरमॅट करू का? आणि मी 'हो' दाबलं! डिस्क क्षणात कोरी. वडील दुसऱ्यांदा गेले आणि या खेपेला माझ्या हातून.

मेश्रामांनी एकच विचारलं, "त्यानंतर तिच्यावर काही साठवलंत?"

"नाही हो."

"मग रडू नका. तुम्ही पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडलीत, पानं आत आहेत. पानांवर दुसरं काही लिहिलं गेलं, तर मात्र मीही हात टेकतो."

आधी त्यांनी डिस्कची हुबेहूब नक्कल केली, मूळ डिस्क कागदात गुंडाळून ठेवली आणि नकलेतून नऊ दिवस तुकडे वेचले. दहाव्या दिवशी मला बोलावलं. पडद्यावर वडील! चष्मा कपाळावर सारून, पेन्सिलीचं टोक जिभेला लावून यादी लिहिणारे माझे वडील... मी हात जोडले. कुणाला, ते मलाच कळलं नाही. वळून पाहिलं, तर मेश्राम भिंतीकडे तोंड करून उभे.

"तुम्ही नाही बघणार?"

"ते तुमचे आहेत. मी चालतंय का, तेवढं बघतो."

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वेळी ते असेच उभे राहत. इतक्यांची माणसं त्यांनी परत आणली आणि एकाकडेही डोळे भरून पाहिलं नाही. मला या माणसाचं नवल वाटायचं, अजून वाटतं.

सातव्या दिवशी स्वारगेटजवळच्या त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाला, त्यांच्या श्रद्धांजलीला गेलो. बुद्धवंदना झाल्यावर सुजाता म्हणाली, "काका, बाबांचं दुकान मी बंद पडू दिलं नाही. शटर खाली आहे, पण मेन स्विच चालूच ठेवलाय. कॅमेरासुद्धा."

मेश्रामांचा रेकॉर्डर जुना, तीन आठवडे भरले की जुन्या दिवसांवर नवे दिवस लिहिणारा. दहा दिवस दवाखान्यातले, सात त्यानंतरचे... रिकामं दुकान रोज थोडं थोडं मेश्रामांना पुसत होतं. मुलगी आयटीतली, पण दुःखात कुणाला काय सुचतं? "किल्ली घे," म्हटलं आणि तिला रिक्षात बसवलं. दुकानात शिरल्याशिरल्या मी आधी रेकॉर्डरची वायर उपटली. जेमतेम चार दिवसांचे मेश्राम उरले होते.

बाबांच्याच पद्धतीने सुजाताने आधी नक्कल केली. गेल्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्या दुकानात पडद्यासमोर बसलो. पडद्यावर एक बाई पाठमोरी बसली होती, पदर डोळ्यांना लावलेला. आणि मेश्राम नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून. कॅमेरा त्याच भिंतीवर. इतकी वर्षं आम्हाला त्यांची पाठ दिसली होती, आज चेहरा दिसला. गाल ओले, ओठ घट्ट मिटलेले.

"बाबा..." सुजाता पुटपुटली.

मी उठलो. बंद कॅमेऱ्याखाली, ते उभे राहत तिथेच, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. ते तिचे होते.