क्लच पूर्ण दाब की!

हसायचं असेल तर आधी तो चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एका मित्राला असा ठसका लागला की त्याचा पांढरा शर्ट गेला. आणि हसून झालं की मला एकच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुमच्या डोक्यात हे आलं असतं का? खरं सांगायचं हं!

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. एखादी वस्तू बिघडली की ती का बिघडली हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. घरचा मिक्सर खोलून झालाय, इस्त्री खोलून झालीय, शेजाऱ्यांची बेलसुद्धा खोलून झालीय. परत जोडता आलं का, हा प्रश्न विचारू नका. बायको, म्हणजे शैला, पाहुण्यांना सांगते, "ह्यांच्या हातात पाना दिसला की समजायचं, नवीन घ्यायची वेळ आली."

आमची गाडी जुनी. तिचा क्लच पार तळाला टेकला तरच गिअर पडतो. वरच्यावर कुठं पाय थांबला, की खालून पत्र्यावर खडी ओतल्यासारखा आवाज. कर्रर्र!

आता शैलाची आई जवळच्या होटगी गावात एकटी राहते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती काठीवर आली. शैलाच्या मनात आलं की आईकडं जायचं, म्हणजे मला विचारायचं, आणि मी म्हणायचो, "रविवारी बघू." एक दिवस तिनं पोळपाट आपटला.

"मीच शिकते गाडी. म्हातारी पडली तर रविवारची वाट बघत बसू काय?"

मला खरंच वाईट वाटलं. शिकाऊ लायसन काढलं. क्लासला कशाला जायचं, मी आहे की! (इथं तुम्ही एकमेकांकडं बघितलंत, ते मला दिसलं.)

पहिले काही दिवस झकास गेले. सोसायटीमागच्या मैदानात ती अनवाणी गाडी चालवायची. अनवाणी का? तर दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा केली होती. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळं. तेव्हापासून शैला चपला काढून डिकीत ठेवते, स्टिअरिंगला नमस्कार करते, मगच बसते. "लक्ष्मीला चपलेनं दाबायचं?" मी मात्र चपलेसकट चालवतो. मला काही लक्ष्मीनं बोलून दाखवलेलं नाही.

मग सोलापूरचं ऊन सुरू झालं. खालचा पत्रा तापायला लागला. शैलाचे पाय भाजायला लागले. आणि आमच्या गावात प्रश्न कुठलाही असो, उत्तर चादरच! लग्न, सत्कार, बारसं, निरोप समारंभ, सगळीकडं चादर. कपाटात जाडजूड अशा कितीतरी पडलेल्या. एक काढली, घडी घातली, आणि शैला बसली की स्वतःच्या हातानं तिच्या पायाखाली अंथरायला लागलो. माझी पाळी आली की चादर उचलून मागच्या सीटवर. चांगल्या चादरीवर कोण चपला ठेवतं?

एवढी काळजी घेणारा नवरा तुम्ही कुठं बघितलाय का?

आणि त्याच सुमाराला क्लचनं त्रास द्यायला सुरुवात केली. शैला पहिला गिअर टाकायला गेली, कर्रर्र! दुसरा, कर्रर्र!

"अगं, क्लच पूर्ण दाब की!"

"दाबलाय की पूर्ण!"

"मग आवाज कसा येतोय?"

"मला काय ठाऊक? गाडीतच काहीतरी हाय."

"बरोबर! नाचता येईना अंगण वाकडं. ऊठ, मी दाखवतो."

मी बसलो. चादर मागं टाकली. क्लच दाबला, गिअर टाकला. लोण्यातनं सुरी! शैला बघतच राहिली. परत ती बसली. मी चादर अंथरली. कर्रर्र!

आता मला सांगा, गाडी तीच, मैदान तेच, फक्त माणूस बदलला की आवाज येतो. कुणीही शहाणा माणूस काय निष्कर्ष काढेल?

तरी मी घाई केली नाही. चौकस माणूस! आधी वाटलं, उन्हानं लोखंड फुगत असेल. म्हणून सकाळी सकाळी नेऊन बघितली. कर्रर्र! मग वाटलं, तिचा पाय पुरत नसेल. पाठीशी उशी दिली. नाक काचेला लागायची वेळ आली, पण आवाज तसाच. पेडलच्या बिजागरीत तेल सोडलं, ते तिच्या साडीवर आलं. त्याबद्दल काय झालं ते तुम्हाला सांगत नाही.

शेवटी रफीकभाईच्या गॅरेजला गाडी नेली. एकटाच गेलो. गाडीची परीक्षा घ्यायची, त्यात बायको कशाला? रफीकभाईनं पेडल दाबलं, खाली वाकून तार बघितली, एक चक्कर मारून आला.

"गाडीला काय न्हाय झालं साहेब. चालवणाऱ्याचं बघा."

ऐकलंत? तज्ज्ञाचं मत! मी ते घरी येऊन शैलाला शब्दशः सांगितलं. ती गॅसकडं तोंड करून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "जाऊ द्या. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. रविवारीच जात जाऊ आईकडं."

मला चैन पडेना. शिकाऊ लायसनची मुदत संपत आली होती आणि पक्क्या लायसनच्या परीक्षेची तारीख तोंडावर. रात्रभर विचार केला आणि मला शोध लागला. तिच्या टाचेला आधार नाही! टाच भक्कम टेकली तर पायात जोर येणार. दुसऱ्या दिवशी मी चादरीची आणखी एक घडी घातली.

त्या दिवशी तर गिअर पडेचना!

परीक्षेच्या दिवशी आम्ही आरटीओच्या मैदानावर पोचलो. गाडी मीच चालवत नेली. भली मोठी रांग. शैलानं मागच्या सीटवरची चादर घेतली, लिंबाखाली अंथरली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. तिचं नाव पुकारलं, तशी ती तोंड पुसत पळाली. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "शैला! पूर्ण दाब!"

परीक्षा घेणारे साहेब तिच्या शेजारी बसले. मी डोळे मिटले, कान टवकारले.

आवाजच नाही!

डोळे उघडले तर गाडी निघालीसुद्धा. दुसरा पडला. आठचा आकडा काढला. रिव्हर्स घेतली. मला कळेना, हे घडलं कसं? चादरीवर मांडी घालून मी विचार करत होतो. अहो, कारणावरच बसलो होतो मी! पण कळलं काय, तर टाचेचा माझा सिद्धांत बरोबर ठरला. पायात जोर आला!

शैला धावत आली. डोळ्यांत पाणी. "पास झाले हो! संध्याकाळीच आईकडं जायचं."

"मग! शिकवलं कुणी?"

तिनं तिथंच गाडीसमोर नारळ फोडला. "आज तरी चपला काढून चालवा," म्हणाली. मी खुशीत होतो. चपला डिकीत टाकल्या. पत्रा तर तव्यासारखा तापलेला. मग काय, उचलली चादर, तशीच जाड घडी घातली, आपल्या पायाखाली छान अंथरली आणि निघालो. पहिला गिअर मैदानातच जरा कुरकुरला. म्हटलं, आता हिनं गिअरबॉक्स दमवलाय.

कसाबसा सात रस्त्याच्या चौकापर्यंत आलो. सिग्नल सुटला. मी क्लच दाबला. कर्रर्र! परत दाबला. कर्रर्र! गाडी बंद पडली. मागं हॉर्नचा बँडबाजा सुरू झाला. एका रिक्षावाल्यानं मुंडी बाहेर काढली.

"ओ काका! क्लच पूर्ण दाबा की!"

"दाबलाय की पूर्ण!" मी ओरडलो.

आणि माझं मलाच ते वाक्य ओळखीचं वाटलं.

शैला समोर बघत होती. शांतपणे म्हणाली, "नाचता येईना…"

मग वाकली, माझ्या पायाखालची चादर दोन्ही हातांनी ओढून काढली आणि मांडीवर घेतली. मी क्लच दाबला. पेडल खट्‌कन तळाला टेकलं. लोण्यातनं सुरी!

चौक मागं पडला. शेवटी न राहवून मी विचारलं, "तुला आधीच कळलं होतं का?"

"न्हाय हो. तुमी रोज नवीन कारण सांगत होता, मग मी कशाला शोधू?"

त्याच संध्याकाळी ती गाडी घेऊन होटगीला गेली. आता मनात येईल तेव्हा जाते. कधीकधी मलाही नेते. मी शेजारी बसतो आणि ती चादर, भर उन्हात, माझ्या मांडीवर असते. बाईसाहेबांची ताकीद आहे: पायाखाली काही ठेवायचं न्हाय, आणि तोंडातून काही काढायचं न्हाय.