खालून ढकलून पाहिलेलं छप्पर

कल्पना करा, तुम्हाला छप्पर बांधायचं आहे, आणि ते पडू नये एवढ्यावर भागणार नाही. ते उडताही कामा नये. वादळी वारा घरात शिरून छपराला खालून ढकलतो, बाहेरून वर खेचतो. आता सांगा, तुम्ही खिळे कुठे ठोकाल?

सुतारकाम करणाऱ्या हातोडी वहिनीने (गल्लीने दिलेलं नाव) मागच्या खेपेला ते वाशावाशांत ठोकले होते. अगदी सढळ हाताने. त्यामुळे वादळात तिचं छप्पर मोडलं नाही. अख्खंच्या अख्खं उठलं आणि गेलं. वाशांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं, भिंतीला कुणीच धरलं नव्हतं.

"लोकांचे निदान पत्रे तरी सापडले," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "आमच्या सुनेचं काम पक्कं. तुकडाही मागे राहिला नाही."

तेव्हापासून सासूबाईंचा मुक्काम शाळेच्या हॉलमध्ये होता. बाकीचे आपापल्या घरी परतले, त्या हलेनात; सुनेच्या छपरावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. आता शाळा उघडणार होती आणि सासूबाईंनी कायमचं भाचीकडे जायचं मनावर घेतलं होतं. वहिनीला चैन पडेना. दिवसभर राबून घरी यायचं आणि टोमणा मारायला हक्काचं माणूसच नाही, मग ते घर कसलं?

नव्या छपराचा एकेक वासा तिने लोखंडी पट्टीने भिंतीला जखडला आणि पट्ट्या थेट घराच्या पायापर्यंत नेल्या. सगळी गल्लीच आता तसं बांधत होती, एकमेकांच्या घरी हातभार लावत होती. सासूबाई येऊन मान वर करून पाहून गेल्या.

"दिसायला मागचंही छान होतं."

मग वहिनीने शेजारच्या ट्रकवाल्या भाऊजींना जॅकसकट बोलावलं, सासूबाईंनाही आणलं. भिंतीलगत जॅक ठेवला, त्यावर जाड खांब उभा केला आणि त्याचं टोक वाशाखाली टेकवलं.

"हे काय नवीन?"

"वारा आहे, आई. खालून ढकलणार."

भाऊजी दांडा मारू लागले. लाकूड कुरकुरलं. दारात गर्दी जमली. पट्टी ताणली गेली, पण वासा तसूभर हलला नाही. भाऊजींनी आणखी जोर लावला आणि काडकन आवाज झाला.

जॅकखालची नवीकोरी फरशी फुटली होती. खाली फळी ठेवायचं वहिनी साफ विसरली होती.

सासूबाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"छप्पर राहिलं, जमीन गेली," त्या म्हणाल्या. "हिला एकटीला सोडण्यात अर्थ नाही." मग भाऊजींकडे वळल्या. "अरे बाबा, ट्रक रिकामा आहे ना? हॉलमधली माझी पेटी घेऊन ये."

संध्याकाळी फरशीचे तुकडे गोळा करता करता वहिनी दारातून लांबवर बघत राहिली.

"आता काय हरवलं?"

"जुनं छप्पर. कुठे का पडेना, आई. पण पडल्यावर तरी त्याचे वासे एकमेकांपासून सुटले असतील का?"