अंदाजानं ओतलेलं तेल

मंडळी, आज मी लई खूश आहो!

सकाळी मोहाडीजवळच्या आमच्या शेताच्या वाटेवर बाभूळ आडवी पडली. धान चुरायचं मशीन बाभळीच्या अलीकडंच अडकलं, अन् आभाळ भरून येऊन राहिलं. लाकूड कापायचं मशीन मात्र नुसता धूर सोडून बंद पडे.

"पेट्रोलमधी तेल किती टाकलं जी?" मी नवऱ्याले विचारलं.

"अंदाजानं. थोडं जास्तच. मशीन टिकते ना!"

मी टाकी रिकामी केली, तेलानं माखलेला प्लग पुसला. टू-स्ट्रोक तेल खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून पेट्रोलच्या बाटलीत टाकलं, चांगलं हलवलं. टाकी भरून दोरी ओढली, अन् मशीन गरजलं!

वाट मोकळी झाली. शेजारचे काका आपलं धूर सोडणारं मशीन घेऊन आले, तर नवरा म्हणे, "मले नोका विचारू काका. मिस्त्री ही आहे."

तुमच्या घरी तेल कोण मोजते, अन् कोण अंदाजानं ओतते?